हत्तीगाडी आणि मांडीचं माप

एका नगरात एक हत्तीगाडी होती. गाडी एवढी लांब, की पुढचे उतारू बाजारात उतरून भाजी घेऊन घरी पोचायचे, तेव्हा कुठे मागचे उतारू बाजारात यायचे. तिला दोन हत्ती जुंपलेले असत आणि गाडीच्या दारात एक घंटेवाला उभा असे. त्याने घंटा वाजवली की हत्ती चालत, पुन्हा वाजवली की थांबत. बाकी कुणाचं, अगदी राजाचंसुद्धा, ते ऐकत नसत.

गाडीच्या दारावर एक पाटी होती: ‘मांडीवर मावेल तेवढेच जनावर गाडीत घ्यावे.’ ही पाटी उगीच लागली नव्हती, बरं का. एकदा कुणी बडं माणूस आपली म्हैस घेऊन गाडीत चढलं आणि त्या म्हशीने शेजारच्या नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या. लग्नाचा मुहूर्त टळला. तेव्हापासून मांजर चाले, पोपट चाले, कोकरू चाले. मांडीबाहेर पाय गेला की जनावर खाली.

बारा वर्षांत घंटेवाल्याने हा नियम एकदाही मोडू दिला नव्हता. या बारा वर्षांत तो स्वतः गाडीत एकदाही बसला नव्हता. घंटेवाला उभाच शोभतो, असं त्याचं म्हणणं.

एके सकाळी गाडी धोबीघाटापाशी थांबली. एक परटीण धापा टाकत आली. धुण्याच्या चादरीवर घालून तिने आपला कुत्रा ओढत आणला होता. कुत्र्याचं नाव भोपळ्या, अंगाने वासराएवढा. घाटावरची धुणी तो राखायचा. त्याच्या एका भुंकण्याने चोर पळत आणि नदीपलीकडचे लोक जागे होत. आज मात्र त्याच्या तोंडातून फेस गळत होता.

“दादा, याच्या घशात हाड अडकलंय,” परटीण म्हणाली. “दक्षिण वेशीला जनावरांचे वैद्य आहेत. तेवढं पोचवा. चालत नेला तर वाटेतच जाईल हो हा.”

घंटेवाल्याने पाटीकडे बोट केलं. “मांडीवर मावला पाहिजे.”

“माझं लेकरू आहे हो ते!”

“लेकरू असेल, पण मांडीवर मावलं पाहिजे.”

परटीण बाकावर बसली आणि तिने भोपळ्याला कसंबसं वर ओढलं. तिच्या मांडीवर त्याचं डोकं मावलं.

“डोकं बसलं. बाकीचा कुत्रा कुठे बसवणार?” घंटेवाला म्हणाला. “उतरा.”

तिने हात जोडले, पाया पडली. तो हलला नाही. त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण आज कुत्रा घेतला तर उद्या घोडा येईल, परवा पुन्हा म्हैस येईल, असा तो मनात हिशोब मांडत राहिला. या हुज्जतीत अर्धी घटका गेली. भोपळ्याचा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजू लागला.

परटिणीशेजारी एक म्हातारी बोहारीण भांड्यांची टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली, “अरे घंटेवाल्या, मांडीवर म्हणजे कुणाच्या मांडीवर?”

“ज्याचं जनावर त्याच्या.”

“असं लिहिलंय तिथे?”

घंटेवाल्याने पाटी वाचली. पुन्हा वाचली. तसं लिहिलेलं नव्हतं.

बोहारणीने भांडी खाली ठेवली आणि ती परटिणीला चिकटून बसली. “घे, ही माझी मांडी. शेठजी, सरका इकडे. मांडीला मांडी लावून बसा.”

शेठजींनी आपल्या मांडीवरचं मांजर उचलून खांद्यावर घेतलं. “बोहारणीच्या मांडीला मांडी लावून? आमच्या सात पिढ्यांत कुणी बसलं नाही!”

“मग आठवीचं नाव काढा,” बोहारीण म्हणाली. शेठजी सरकले.

पलीकडे पुराणिकबुवा सोवळं नेसून अंग चोरून बसले होते. ते क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, “मी घरी जाऊन पुन्हा अंघोळ करीन. याला पुन्हा श्वास कुठून आणू?” तेही सरकले.

चार मांड्यांवर भोपळ्या आडवा झाला. मागचे पाय मात्र अजून बाहेर लोंबत होते आणि बाकावर एकाच माणसाची जागा उरली होती.

सगळे घंटेवाल्याकडे पाहू लागले.

“मी बसत नाही,” तो म्हणाला.

“ते तरी पाटीवर कुठे लिहिलंय?” बोहारणीने विचारलं.

भोपळ्याने डोळे फिरवले. घंटेवाल्याचे गुडघे आधी वाकले, मन नंतर वाकलं. तो मटकन बसला, ते दोन्ही पाय त्याने मांडीवर घेतले आणि घंटेची दोरी दातात धरून असा हिसका दिला, की हत्ती दक्षिण वेशीपर्यंत एकदाही न थांबता गेले. मधल्या थांब्यांवरचे लोक अजून ओरडतायत म्हणे.

वैद्यांनी चिमट्याने हाड काढलं. भोपळ्याने मोठा श्वास घेतला. परटीण रडू लागली.

“जगेल,” वैद्य म्हणाले. “पण हाड रुतत गेलं आणि घशातला आवाज कापला गेला. आता भुंकणार नाही. अर्धी घटका आधी आणला असतात, तर आवाजही राहिला असता.”

ती अर्धी घटका कुठे गेली, हे तिथे पाचही जणांना ठाऊक होतं.   परटिणीने घंटेवाल्याला फक्त हात जोडले, आणि ते हात त्याला शिव्यांपेक्षा जड गेले.

पाटी आजही दारावर आहे, शब्दही तेच आहेत. मोठं जनावर आलं की उतारू सरकतात, मांडीला मांडी लावतात. धोबीघाटावर भोपळ्या चढतो, घंटेवाल्याला पाहून शेपूट हलवतो आणि भुंकायला तोंड उघडतो. आवाज येत नाही. घंटेवाला मान खाली घालून बाकावर टेकतो आणि मांडी पुढे करतो. न आलेला तो आवाज गाडीत दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. त्याला रोज येतो.

तात्पर्य: मांडी कुणाचीच लहान नसते, ती आखडून घेतलेली असते, आणि पसरायचीच असेल, तर अर्धी घटका आधी पसरावी.