पांढरी एकचा हट्ट

पेटीच्या पट्ट्या आपसात भांडायच्या, तेव्हाची गोष्ट. एका भजनी मंडळाच्या पेटीत पांढरी एक नावाची पट्टी होती. मंडळाचे बुवा वीस वर्षं तिच्यावरच सा धरायचे. त्यामुळे तिला वाटायचं, सा म्हणजे आपणच. अक्कल बोटभरच, पण तोरा पेटीभर.

बुवा थकले आणि त्यांच्या जागी सगुणाबाई गायला बसल्या. त्यांचा आवाज उंच. त्या म्हणाल्या, "मला काळी चारचा सा द्या."

पांढरी एकला चैन पडेना. "मग मी कोण?" तिने विचारलं.

"गंधार," काळी चार म्हणाली. "माझ्यापासून मोज की. सा, रे, ग."

"आजवर कोपऱ्यात पडलेली तू, मला मोजायला शिकवतेस?"

गाणं सुरू झालं आणि पांढरी एक रागाने जी खाली दबली, ती वर येईना. तिचा एकच सूर भोंग्यासारखा वाजत राहिला. सगुणाबाई थांबल्या. पेटी वाजवणारा धोंडिबा वैतागला. "ही चिकटायला लागली, बाई. काढूनच टाकतो," म्हणत त्याने पेचकस उचलला.



"काढू नका हो," सगुणाबाई म्हणाल्या. "मला भूप राग गायचाय. गंधार नसला तर मी थांबू कुठे?"

पट्टी गुमान वर आली. त्या दिवशी सगुणाबाई फिरून फिरून तिच्यावरच येऊन थांबल्या.

पुढच्या भजनाला शेजारणीने डिवचलं, "काय गं, आज तू कोण?"

"आधी गाणारं कोण आहे ते सांग," पांढरी एक म्हणाली.