विलायती कपाचा कान

"…मग मी काय इतकी वर्षं इथे माशा मारत होतो?" लियांग कडाडला.

शेनबाईनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. चीनमधल्या त्या कुंभारगावात नवऱ्याच्या नव्हे, भांड्यांवरच्या स्वतःच्या निळ्या रेघेच्या जोरावर भट्टी चालवणारी म्हातारी ती. चढ्या आवाजाला थोडीच बधणार!

"विलायती जहाजाचं काम सूमेईला? त्या कालच्या पोरीला?"

"कालच्या पोरीचे कप जहाजाच्या दलालाला आवडले."

तिथंच तर लियांगचं दुखत होतं. तिथले पेले बिनकानाचे, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचे. गोऱ्यांना मात्र कपाला कान हवा. सूमेईनं तो बसवला होता, वेलीच्या देठासारखा नाजूक. दलाल कितीतरी वेळ तो बोटावर झुलवत राहिला. लियांगनं रंगवलेल्या निळ्या डोंगरांकडे मेल्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"म्हणून तू त्याच्याकडे जाऊन बोललास?"

"खरं तेच बोललो. उकळता चहा ओतला की हिच्या कपांचे कान सुटतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

कोपऱ्यात माती मळणाऱ्या सूमेईनं मान वर केली. "कधी पाहिलंस, दादा?"

"तू गप्प बस!"

दलाल अंगणात ताटकळत होता. म्हातारी हो म्हणाली तर सूमेईचे कप जहाजावर चढणार. नाही म्हणाली, तर त्या गावात पुन्हा कुणी सूमेईला चाकावर बसू देणार नव्हतं.



शेनबाईनं किटली उचलली. खळखळ उकळता चहा सूमेईच्या कपात काठोकाठ ओतला आणि लियांगपुढे सरकवला.

"ओरडून घसा सुकला असेल. पी."

लियांग ऐटीत मांडी घालून बसला. दलालापुढे मिरवायला त्यानं नवाकोरा रेशमी झगा चढवला होता. एका बोटात कान अडकवून त्यानं कप उचलला, मांडीवरून तोंडाशी नेला, फुंकर घातली. तोंडाचा पट्टा चालूच.

"डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्ही हिला, बाई! उद्या हे कान सुटले, कुणी गोरा भाजला, तर नाव कुणाचं जाईल? आपल्या भट्टीचं!"

सूमेई त्याच्या बोटाकडे बघत होती. म्हातारीसुद्धा.

लियांग थबकला… कप तसाच अधांतरी.

"काय… काय झालं?"

"खालून दुसरा हात लावायला विसरलास, लियांग."