हविष्मती आणि मुका अग्नी

कृतयुगाच्या उतरत्या काळी, देव अजून माणसाच्या हाकेला ओ देत असत तेव्हा, पयोष्णीच्या तीरावर पळस-औदुंबरांच्या दाट छायेत धृतव्रत नामक अग्निहोत्री मुनीचा आश्रम होता. नाव धृतव्रत, आणि केले काय या महात्म्याने? एके सकाळी होम आटोपून, खांद्यावर परशू टाकून, समिधा घेऊन येतो असे सांगून जो गेला तो गेलाच. ना भांडण, ना रुसवा, ना निरोप. मागे उरली पत्नी हविष्मती, पाच वर्षांची नीवारा आणि कुंडातला अग्नी.

पती दूर असता अग्नी विझू द्यायचा नाही, हा पत्नीचा धर्म. हविष्मतीने तो बारा वर्षे पाळला. पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या फुंकता फुंकता तिच्या डोळ्यांची आग होई, पण पतीच्या आसनापुढचा कमंडलू ती रोज ताज्या पाण्याने भरी. नीवारा उपवर झाली, चांगल्या घरची मागणी आली. पण संकल्पात तिच्या पित्याला हयात म्हणावे की पितर, या पेचात वरपक्ष अडून बसला.

अखेर कुलगुरू गौरप्रभांनी शास्त्र सांगितले. बारा वर्षे वार्ता नाही, तेव्हा त्याला मृत मानून पळसाच्या पानांची प्रतिमा करावी आणि तिचे धृतव्रताच्याच अग्नीने दहन करावे. तो जिवंत असला तर? आपल्याच हाताने त्याला सरणावर चढवायचे? आणि न चढवावे तर पोरीच्या जन्माचे मातेरे. हविष्मती कुंडापुढे कोसळली.

"हे हव्यवाहना, ते कुठे गेले, का गेले, मी विचारत नाही. आहेत की नाहीत, एवढेच सांग."

ज्वाळांतून अग्निदेव प्रकटले, पण त्यांची मान खाली होती. "साध्वी, त्या सकाळी शेवटची आहुती देताना तुझ्या पतीने मला मौनाच्या वचनात बांधले. मी जाणतो, पण बोलू शकत नाही."

बारा वर्षे दाबून धरलेले रडे तिच्या कंठातून फुटले. "सप्तपदीला तू त्यांचा एकट्याचाच साक्षी होतास काय? पोटच्या पोरीला कोरडे वाढून मी तुला तूप घातले. जा, यापुढे तुला सांगावेसे वाटेल आणि शब्द सापडणार नाही. कुणी येणार असले की तू नुसता फुरफुरशील."

"शाप शिरोधार्य आहे, माते. पण कोण येते आहे, हे मग तुलाही कळणार नाही," एवढे बोलून अग्निदेव कायमचे मुके झाले.

पोरीसाठी तिने प्रतिमेला अग्नी दिला आणि कपाळ पुसले. शास्त्राप्रमाणे तो सगळाच अग्नी मृताचा, त्यातले काही घरात ठेवायचे नाही. तरी एक निखारा तिने खापरात घालून पदराआड लपवला आणि चुलीत नेऊन ठेवला. काही केल्या तिचे मन मानत नव्हते.

लग्नाच्या सकाळी आधण ठेवले आणि चूल फुरफुरली. हातातली पळी टाकून हविष्मती दाराकडे धावली. समोरून वाजतगाजत वऱ्हाड येत होते. तिने हसून सर्वांच्या पायांवर पाणी घातले. शेवटचा पाहुणा आत गेला, तरी ती वाटेकडे बघत उभीच होती.

अजूनही चूल फुरफुरली की घरची बाई पाहुणा येणार म्हणते आणि मूठभर तांदूळ जास्त धुते. पण ज्या घरचे माणूस न सांगता गेलेले असते, तिथे ती आधी दाराशी जाऊन येते.