विहिरीतली हवा

"पण धूर तर कुठं दिसतच नव्हता ना, बाबा?"

मार्तंडनं पुन्हा विचारलं. हरगिरीबाबा भिकोबाच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते.

भिकोबा मठाचा जुना सेवेकरी. बाजेवर डोळे मिटून पडला होता. श्वास चालू होता, एवढंच समाधान.

उन्हाळ्यात मठाच्या विहिरीतलं उरलंसुरलं पाणी उपसून तळाचा गाळ काढायची रीत. मार्तंड बाबांचा शिकलेला शिष्य, हुशार, आणि हुशारी झाकून ठेवणारा नव्हे. पाणी फार खोल गेलेलं, काठावरचं डिझेल इंजिन ते ओढेना. म्हणून त्यानं इंजिनच विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलं. सकाळभर ते आत धडधडलं. पाणी संपलं, इंजिन वर काढलं. सगळ्यांनी वाहवा केली, ती त्यानं मान डोलावत घेतली.

मग गाळ काढायला भिकोबा उतरला. कमरेला दोर बांधून उतरायचं, हा मठाचा नेम. "कशाला ते लोढणं?" असं मार्तंड हसून म्हणाला होता. भिकोबानं त्याचं ऐकलं नाही, म्हणून वाचला. तळाला पाय टेकले आणि तो कोसळलाच. वरच्यांनी दोरानं त्याला ओढून घेतलं.

"काय होतं रे खाली?" आता बाबांनी विचारलं.

मार्तंडनं मान खाली घातली.

"डिझेल जळलं की त्यातला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड, थंड झाला की तळाशी बसून राहतो."

"ठाऊक होतं तुला?"

"…परीक्षेत लिहिलं होतं."

शरमेनं त्याचे कान तापले. शाबासकीच्या नादात आपण माणूस मारला असता, हे त्याला धड गिळताही येईना.

बाबांनी पेटता कंदील विहिरीत सोडायला लावला. अर्ध्यावर वात फडफडली आणि विझली.

"काढ ती हवा बाहेर."

मार्तंडनं कडुलिंबाची दाट पानांची फांदी दोराला बांधली. खाली सोडायची, घुसळायची, वर ओढायची. हातांची सालटी निघाली तरी तो थांबला नाही. बाजेकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. ऊन कलल्यावर कंदील पुन्हा सोडला, तेव्हा तो तळाशी जाऊनही जळत राहिला.

मार्तंड धावतच बाबांकडे आला.

"गेली, बाबा! सगळी गेली."

"कुठं गेली?"

"वर…" त्याचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला.

"वर म्हणजे कुठं?"

विहिरीच्या काठावर मठातली माणसं उभी होती. पलीकडच्या सडकेवरून ट्रकमागून ट्रक डिझेल जाळत चालले होते. आभाळ अगदी नितळ दिसत होतं.

"आपल्याच हवेत…" मार्तंड पुटपुटला. त्याला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

बाबांनी फडकं पिळून पुन्हा भिकोबाच्या कपाळावर ठेवलं. म्हणाले, "भिकोबाला ओढून घ्यायला वर आपण होतो. आपल्याला ओढून घ्यायला वर कोण आहे?"