तिरपाईची विहीर

आडखडकीच्या या विहिरीला काठ नाही की रहाट नाही. टेकडीच्या उतारावर हे एवढंसं तोंड, आणि तिथून खडकात तिरपी उतरत गेलेली वाट. या आत, पण डोकं सांभाळा. इथे पाण्याशी वाकूनच जावं लागतं. विहीर अशी का, म्हणून सगळेच पाहुणे विचारतात. खरं तर ती सरळच खणायला घेतली होती.

फार मागची गोष्ट. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. गुरं मोकळी सोडून दिली होती, निम्मं गाव उठून गेलं होतं. उरलेल्यांनी दावलजी पाटलाच्या सांगण्यावरून दक्षिणेकडून वडारांची टोळी आणली. तिच्यात तिमाप्पा होता, आणि त्याची बायको साबव्वा. टेकडीच्या पायथ्याशी खोल खड्डा झाला, पण ओल काही लागेना. अशात एका दुपारी वरची कड ढासळली. बाकीचे निसटले, तिमाप्पा तळाशी राहिला.

गेला, असंच सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात ढिगाऱ्याखालून हातोड्याचा ठोका आला, असं सांगतात. एक मोठी शिळा मध्येच अडकून त्याच्या डोक्यावर छपरासारखी थांबली होती. वरून दगड उपसायला घेतले, तशी शिळा करकरली. टोळीतल्या म्हाताऱ्यांनी हात आखडले. आणखी उपसावं तर शिळाच त्याच्यावर बसणार. पाटलानं जड मनानं सांगितलं, की नारळ फोडा आणि खड्डा बुजवा. उद्या आपणही गाव सोडू.

साबव्वा तेव्हा टेकडीच्या उतारावर खडकाला कान लावत फिरत होती. ठोका जिथे स्पष्ट आला तिथे तिनं पहार मारली. पाटील तिला समजवायला गेला. इथून तिरपं खणत कधी पोचणार, म्हणाला.

"सरळ गेले तर तो मरतो," ती म्हणाली. "तिरपं गेले तर फार तर मी मरेन."

मग टोळीनं पुन्हा पहारी उचलल्या. बोचकी बांधून निघालेल्या बायका माघारी आल्या आणि पदरात खडी भरून बाहेर टाकू लागल्या. रांजणांच्या तळाला उरलेलं पाणी त्यांनी तिला आणून दिलं, म्हणे. घरोघरी पोरं कोरड्या घशानं निजली. आतून ठोका आला की साबव्वा पहारेनं उत्तर द्यायची. ठोके विरळ होत गेले. मग थांबले. पुरुषांनी माना खाली घातल्या. तिनं सोललेल्या तळव्यांना चिंध्या गुंडाळल्या आणि खणत राहिली.

शेवटी पहार आरपार गेली. फट पडली ती जेमतेम हात जाईल एवढी. तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि आतून तिमाप्पानं तो धरला. जिवंत होता. हातोडा उचलायचं त्राण तेवढं उरलं नव्हतं. माणसं फट मोठी करायला लागली, तशी वरून शिळा पुन्हा करकरली.

"आता खणू नका," तो आतून म्हणाला. "पायाखाली पाणी लागलंय. गावाला सांग."

साबव्वा हात धरून तशीच बसून राहिली. उन्हं कलली तेव्हा शिळा खाली बसली, आणि तिच्या हातातला हात सैल पडला. थोड्या वेळानं त्याच फटीतून पाणी वाहत तिच्या पायाशी आलं.

त्या पाण्याला कोणी शिवेना. तहानलेली माणसं बाहेर नुसती उभी राहिली. मग साबव्वानंच ओंजळ भरली, वर आली आणि पाटलाच्या नातीच्या तोंडाला लावली.

"प्या," ती सगळ्यांना म्हणाली. "त्यानंच सांगितलंय."

ती पुढे इथेच राहिली, इथेच गेली. गाव तिला तिरपाई म्हणू लागलं. बाकी मुलखात तिरपा म्हणजे वाकडा, सरळ न वागणारा. आमच्याकडे मात्र वाट बंद झाल्यावरही जो माणसापर्यंत पोचतो तो तिरपा. इथे लेकीला सासरी पाठवताना आई कानात सांगते, "तिरपी हो."

आजही गावात आलेली नवी सून पहिली घागर भरण्याआधी त्या फटीत हात घालते. आत कोणी हात धरणार नाही, हे तिला ठाऊक असतं. तरी हात लगेच बाहेर काढलेला मी कुणाचा पाहिला नाही.