महाराजांची बुटकी मोटार

खर्रर्र!

"दौलू, पुन्हा?" मोटारीत बसलेले मोहरगडचे महाराज गरजले. "अरे, मोटार चालवतोस की नांगर?"

राजवाड्याच्या मोठ्या दरवाजात मधोमध एक धोंडा होता. दरवाजाच्या दोन्ही फळ्या मिटल्या की त्याला येऊन टेकायच्या. आजवर मोटार त्याच्यावरून सुखानं जायची. पण महाराजांनी कुठल्याशा लग्नात शर्यतीची एक मोटार पाहिली, जमिनीला चिकटलेली आणि रुंद चाकांची. झालं! घरी येताच हुकूम सुटला, "आपलीही तश्शीच करा!" मुंबईहून वीतभर रुंद चाकं आली. लोहारानं चाकांवर मोटार तोलून धरणारे निम्मे पोलादी पाटे काढून टाकले आणि मोटार खाली बसवली. महाराज म्हणाले, "वाघ दबा धरून बसलाय!" लोक मनात म्हणाले, "म्हैस डबक्यात बसलीय." पण राजापुढे बोलतो कोण?

आता त्या वाघाचं पोट रोज धोंड्याला घासायचं आणि बोलणी खायचा बिचारा दौलू ड्रायव्हर.

"ऐक," महाराज म्हणाले. "परवा दसरा. सीमोल्लंघनाला मी पालखीतून जाणार आणि येताना याच मोटारीतून या दरवाजातून आत येणार. सगळ्या गावादेखत! त्या वेळी आवाज झाला तर नोकरीही गेली आणि राहती खोलीही गेली. चंबूगबाळं आवरून चालू लागायचं!"

"सरकार, मोटार थोडी उचलून घेतो..."

"खबरदार! केसभरही उचलायची नाही."

"मग धोंडा थोडा तासून..."

"पणजोबांनी बसवलाय तो!"

"दगड नाहीतर फळ्या टाकून..."

"दगड नको, लाकूड नको, माती नको! राजाची मोटार काय बकरीसारखी उड्या मारत येणार? आणि मी उतरणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो!"

दौलू घरी आला तो डोक्याला हात लावूनच. त्याची बायको चंद्रभागा राजवाड्याच्या फरासखान्यात कामाला होती. गाद्या, जाजमं, सतरंज्या सगळं तिच्या ताब्यात. जिभेला मात्र कुणाचाच ताबा नव्हता.

"संपलं गं सगळं!" दौलू म्हणाला. पोराबाळांना घेऊन आता जायचं कुठं, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

चंद्रभागेनं सगळं ऐकून घेतलं. "एवढंच ना? मला फक्त चाकं कुठून जातात तेवढं दाखवा."

"म्हणजे करणार काय तू?"

"दसऱ्याला राजा सीमोल्लंघन करून घरी येतो, तर त्याला पायघड्या नकोत?"

"अगं येडे, कापडावर मोटार चढते होय? रुतून बसेल!"

"जुनी बारीक चाकं असती तर बसली असती. आता एवढी रुंद आणलीत ती काय ओवाळायला?"

दसऱ्याच्या संध्याकाळी सनई-चौघडा सुरू झाला. सोनं लुटून महाराज मोटारीतून निघाले. दरवाजापाशी पाहतात तर काय, लाल पायघड्यांचे दोन पट्टे! खाली सतरंज्या, घोंगड्या, जाजमं घडीवर घडी घालून घट्ट दाबलेली. लांबून हळूहळू चढत जाणारी आणि धोंड्याच्या दोन्ही अंगांना चांगली जाडजूड.

"वा!" महाराज खूश झाले. "मोटारीला पायघड्या!"

दौलूनं कुलदैवताचं नाव घेतलं आणि मोटार हळूच पुढं काढली. रुंद चाकं कापडावर अलगद चढली. गाव श्वास रोखून बघत होता. मोटार धोंड्यावरून आत आली आणि आवाज म्हणून नाही!

महाराजांनी मागं वळून पाहिलं आणि त्यांच्या भुवया चढल्या. "चंद्रभागे! या पायघड्या जरा जास्तच जाड नाहीत का?"

"राजासाठी पातळ घातल्या असत्या तर लोक म्हणाले असते, फरासखान्याला कसर लागली!"

"खाली काही घालायचं नाही असं मी बजावलं होतं!"

"सरकारांनी दगड, लाकूड, माती नको म्हटलं होतं. पायघड्यांना नको म्हणणारा राजा मी तरी पाहिला नाही!"

महाराजांना हसू येत होतं, पण ते मिशीत दाबून ते म्हणाले, "शहाणी आहेस. मग खरं सांग, रोज घासत होतं त्यात चूक कुणाची? मोटारीची, धोंड्याची की तुझ्या नवऱ्याची?"

"अभय असेल तर सांगते."

"दिलं!"

"या तिघांत कुणाचीच नाही. रोज सकाळी हे एकटेच मोटार आत आणतात, तेव्हा चकार आवाज होत नाही. सरकार बसले की होतो!"

कारभारी आकाशातले बगळे मोजू लागले.

"खोटं!" महाराज म्हणाले.

"मग पायघड्या काढा. आम्ही दोघं नवरा-बायको मोटारीत बसून बाहेर जातो. घासली तर आजच गाव सोडतो. पण त्यासाठी सरकारांना खाली उतरावं लागेल!"

"मी उतरणार नाही म्हटलं होतं ना!"

"ते आत येताना! आता तर मोटार आत आलीय!"

महाराज कारभाऱ्याच्या खांद्याचा आधार घेत उतरले. ते उतरताच मोटार अशी वर आली की म्हातारीकोतारीसुद्धा तोंडाला पदर लावून हसू लागली! पायघड्या उचलल्या. चंद्रभागा महाराजांच्या जागी ऐटीत बसली. दौलूनं मोटार वळवली आणि ती धोंड्यावरून हलकेच निघून गेली.

मग मात्र महाराजांना हसू आवरेना. पोट धरून ते इतके हसले की फेट्याचा शेमला सुटला. "दौलूची नोकरी कायमची!" ते ओरडले. "आणि ती खोली त्यांच्या नावावर करून द्या! चंद्रभागे, आणखी काय हवं ते माग!"

चंद्रभागा मोटारीतूनच म्हणाली, "गावातून एक फेरी मारून येऊ द्या. तोवर सरकारांनी इथं जरा शतपावली करावी, म्हणजे पुढच्या दसऱ्याला पायघड्या पातळ घालता येतील!"