हंसाजवळ जाणारी होडी

एकदा एक म्हातारा मूर्तिकार आपल्या शिष्याला घेऊन निमुळत्या होडीतून नदीवर निघाला. शिष्य म्हणजे चांगला तिशी उलटलेला बाप्या, भानोबा नावाचा. त्याला सरस्वतीच्या पायाशी हंस कोरायचा होता आणि गुरूंची आज्ञा होती, "ज्याचा डोळा पाहिला नाहीस, त्याला दगडात आणायचं नाही."

नदीवर हिवाळ्यापुरते उतरलेले हंस होते. शिकलेली मंडळी म्हणतील, ते हंस नव्हेत, कादंब. म्हणोत बापडी! पक्ष्यांनी कधी तक्रार केली नाही.

भानोबाचा निश्चय दांडगा. दोन दिवस तो हिरवं कांबळं पांघरून होडीत पालथा पडला. आवाज होऊ नये म्हणून होडी ढकलायच्या बांबूला ओलं फडकं गुंडाळलं, खोकला आला तर गिळला, नजर हंसांवर रोखली. पण होडी शंभर हातांवर गेली की थवा भुर्र! वहीत त्याने हंसाचं शेपूट मात्र बिनचूक काढलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन तापू लागलं. थवा आता उत्तरेला निघण्याच्या बेतात होता. नेमक्या त्याच वेळी गुरू उठून उभे राहिले, जेवणाचा डबा होडीच्या काठावर आपटू लागले आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडले, "अरे भानोबा, चटणी विसरलास ना, गाढवा!"

"आबा, पाया पडतो, गप्प बसा! आज उडाले तर वर्ष गेलं."

"मग वर्षभर शेपटं कोर."

हंसांनी माना उचलल्या. एवढंच. पुन्हा पाण्यात घातल्या. भानोबा बघतच राहिला.

गुरू म्हणाले, "वेड्या, या नदीवर कोळी भांडतात, बाया धुणं आपटतात, म्हशी डुंबतात. हंसाला त्याचं काही नाही. दबकत, वाकून, नजर रोखून इथे कोण येतं? कोल्हा. तुझ्या मनात भक्ती असेल, पण चाल कोल्ह्याची होती. हंसाला तुझं मन कुठून दिसणार? चाल तेवढी दिसते. ऊठ, माणसासारखा जा."

भानोबाने कांबळं फेकलं, बांबू हाती घेतला, होडी तिरकी घातली. गाता येत नव्हतं, म्हणून एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणू लागला. (मला तो अजून येत नाही.) दोन हंस फडफडले. पण त्याने बांबू सोडला नाही की पाढा थांबवला नाही. 'एकोणतीस आठे' पाशी तो अडखळला, तेव्हा एक हंस दहा हातांवरून त्याच्याकडे मान वाकडी करून पाहत होता.

भानोबाने वही काढलीच नाही. नुसता पाहत राहिला, पोटभर.

आज देवीच्या पायाशी जो हंस आहे, तो येणाऱ्याकडे सरळ बघतो. ज्याच्याजवळ जायचं आहे त्याला आपण येताना दिसू द्यावं, मग तो हंस असो की रुसलेला भाऊ.